कडी

मोती तबेल्यात, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल, माझा टाइपरायटर आणि मी.
मंगळवारी जनसुनवाई. म्हणून मंगळवारी
मला जेवायला चार वाजतात.

तीस वर्षं अर्ज लिहितोय.
नाला, पेन्शन, शेजाऱ्याची भिंत, निघून गेलेला नवरा.
विषय बदलतात. शेवटची ओळ नाही:
'आपकी महती कृपा होगी.'
बोटांना पाठ आहे ती,
डोळे मिटले तरी उमटते.

चौघं आली. तीन मुली, एक मुलगा,
गणवेशात, म्हणजे शाळा बुडवून.
इरम मन्सूरी, तुलसा, लोकेश विश्वकर्मा
आणि आपल्यातली एक, टोकेकरांची सानिका.
माझ्याशी मराठीत बोलता बोलता
ती बाकीच्यांसाठी हिंदीत शिरली,
इंदूरची पोरं शिरतात तशी, उंबरा न लागता.

"कशाबद्दल अर्ज?"
"संडासाच्या कडीबद्दल."
मी हसलो. खरं सांगतो, हसलो.

तुलसानं वही उघडली.
मुलींच्या संडासाला आतून कडी नाही,
म्हणून एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरते.
वहीत पाळ्या होत्या. तारीख, तास, कोणी धरलं.
गणित, इरम. गणित, इरम. भूगोल, तुलसा. गणित, इरम.
सहामाहीला इरम गणितात का गेली
ते या वहीत होतं, गुणपत्रिकेत नव्हतं.
आणि पाचवीतली एक, तिचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं,
सकाळपासून पाणीच पीत नाही,
कोणाला दार धरायला सांगावं लागू नये म्हणून.

टाइप करत गेलो. बोटं शेवटच्या ओळीवर आली, थांबली नाहीत.
"हे काढा काका," सानिका म्हणाली.
"काय?"
"कृपा."
म्हटलं, बाळा, पद्धत असते.
कृपा नसली की कागद उद्धट दिसतो.
"दिसू दे."
लोकेश इतका वेळ गप्प होता. म्हणाला,
"कडी तर मीच ठोकली असती. बाबांच्या पेटीत चार पडल्यात.
पण मग ती माझी मेहेरबानी झाली असती ना, भिया."

पांढरी शाई वाळायला वेळ घेते.
तेवढा वेळ आम्ही पाचही जण
पुसल्या जाणाऱ्या ओळीकडे बघत बसलो.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही.
शिपाई सांगतो, साहेब म्हणाले, "एवढ्याशा कडीसाठी?"
आणि इरम म्हणाली, "एवढीशीच आहे,
म्हणून तर विचारतोय, सहा वर्षं का लागली."
शिपाई गोष्टी फुगवतो.
पण हे वाक्य त्याचं नाही. त्याला सुचलं नसतं.

रात्री हिला विचारलं, तुमच्या शाळेत होती का गं कडी?
पोळी लाटता लाटता ती थांबली.
"दोघी-दोघी जायचो," म्हणाली,
आणि तव्यावरची पोळी करपू दिली.

अठराव्या दिवशी कडी बसली.
पितळी, चकचकीत.
बसवणारा सहा फुटी असावा.
पाचवीतल्या मुलीचा हात पोचत नाही.

आज पुन्हा मंगळवार.
फाटकातून येताना दिसतायत, या वेळी सात जण.
पुढे एक लहानशी, लोकेशच्या बाबांची टेप घेऊन.
गळ्यात पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली.
मी काही विचारलं नाही. कागद चढवला.

विषय : कडी खाली घेण्याबाबत.

मजकूर मला आता येतो.
शेवटची ओळ कुठे सोडायची तेही.
फक्त उंची किती लिहायची
ते तिलाच विचारावं लागेल.